गाडीतला गॅस गेला कुठे?

एसी गार करेनासा झाला की आपण म्हणतो, गॅस भरून घेऊ. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून फिरत राहतो. झपाट्याने कमी झाला, तर गळती आहेच. सांध्याभोवती धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, की संशय तिथेच घ्यावा.

अमेरिकेत आर-१३४ए या एसीच्या गॅसचे डबे आणून लोक घरीच भरतात. डब्यासोबतचा मीटर फक्त कमी दाबाची बाजू दाखवतो. आत किती ग्रॅम आहे, ते कळत नाही. जास्त झाला तरी गारवा घटतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो. जाणता मेकॅनिक उरलेला गॅस यंत्रात ओढतो, गळती काढतो, व्हॅक्यूम करून ओल घालवतो (नाहीतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो) आणि मगच वजनाने भरतो. गळती तशीच ठेवून वरचेवर गॅस भरणे मला अजिबात पटत नाही: हवेत गेलेला आर-१३४ए चा प्रत्येक किलो शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो.