पाहुण्यांस रामटेक कसें दाखवावें

परगांवचे पाहुणे घरीं आले म्हणजे त्यांस काय दाखवावें, हा प्रश्न प्रत्येक यजमानापुढें उभा राहतो. आमच्या खापरखेड्यास औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या आहेत. त्या दुरूनच पाहून होतात. म्हणून शाळामास्तरकींतून निवृत्त झाल्यावर पाहुण्यांस रामटेक दाखविण्याचें काम मीं आपणहून पत्करलें आहे. नागपूरच्या ईशान्येस सुमारें ५० किलोमीटरांवर हें क्षेत्र आहे. पुष्कळ मंडळी मोटारीनें देवळाजवळ जातात, दर्शन घेतात, छायाचित्रें काढतात आणि तासाभरांत परततात. त्यांनीं देव पाहिला हें खरें. परंतु रामटेक पाहिलें असें मी म्हणत नाहीं. रामटेकास पुरा एक दिवस द्यावा आणि तो पायांनीं द्यावा.

आरंभ अंबाळ्यापासून करावा. डोंगराच्या कुशींत हा तलाव आहे. कांठीं दगडी घाट व लहानमोठीं देवळें आहेत. सकाळच्या प्रहरीं घाटावर घटकाभर स्वस्थ बसावें आणि तेथूनच जुन्या पायऱ्यांनीं वर चढावें. वृद्धांनीं विसावा घेत चालावें. शिदोरी मात्र झांकून न्यावी, कारण वरील वानरसेना आपला वांटा मागून घेत नाहीं, हिसकावून घेते.

वर पोहोंचल्यावर रामदर्शनाची घाई होते. मी आधीं नरसिंहाकडे नेतों. केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह अशीं दोन बसकीं, भक्कम देवळें येथें आहेत आणि आंत तांबड्या दगडाच्या प्रचंड मूर्ति आहेत. हीं देवळें वाकाटकांच्या काळचीं, म्हणजे सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींचीं. केवल-नरसिंहाच्या देवळांतील एक झिजलेला शिलालेख १९८० नंतरच्या दशकांत उजेडांत आला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी. पति अकालीं वारल्यावर लहान मुलांच्या नांवें तिनें राज्य चालविलें. तिच्या मुलीनें आईच्या पुण्यस्मरणार्थ येथें देवालय उभारलें, असा त्या लेखाचा अर्थ विद्वान् लावतात. राजांचीं दानें आपण पुष्कळ वाचतों. लेकीनें आईसाठीं लिहविलेलीं अक्षरें क्वचितच दृष्टीस पडतात. माझ्या पाहुण्यांतील स्त्रिया येथून लवकर हलत नाहींत.

पुढें वराहाची विशाल मूर्ति पाहून, एकामागून एक दरवाजे ओलांडीत देवळांच्या आवारांत यावें. आधीं लक्ष्मणाचें मंदिर लागतें, मग रामाचें. धाकट्या भावाची चौकी ओलांडल्यावांचून थोरल्याची भेट नाहीं. लक्ष्मणमंदिरांत यादवराजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे. ज्या चक्रधरस्वामींमुळें मराठी गद्य जन्मास आलें, ते गुजराथेंतून बाहेर पडले तेही रामटेकच्या यात्रेचें निमित्त करूनच, हें मुलांस आवर्जून सांगावें.

दर्शन झाल्यावर उघड्या कड्याजवळ बसावें. एका अंगास इंग्रजी अमदानींत बांधलेला खिंडसी तलाव चमकतो. पश्चिमेस मनसर, जेथें उत्खननांत विटांच्या प्राचीन वास्तु निघाल्या. दक्षिणेस नगरधन, म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. येथें मेघदूत काढावें. संस्कृत येत नसल्यास कुसुमाग्रजांचा किंवा शांता शेळके यांचा अनुवाद न्यावा.

कोणी चौकस पाहुणा विचारतो, यक्षाचा रामगिरि हाच कशावरून? मल्लिनाथ तर त्यास चित्रकूट म्हणतो, आणि सरगुजांतील रामगडासही कांहीं विद्वान् हा मान देतात. पण मेघास जावयाचें आहे उत्तरेस, अलकेला, आणि निघाल्यावर त्यास वाटेंत रेवा लागते. चित्रकूट तर नर्मदेच्या उत्तरेस आहे; तेथून निघालेल्यास ती वाटेंत कशी लागावी? रामटेक तिच्या दक्षिणेस आहे. शिवाय प्रभावतीगुप्तेचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामींच्या चरणांपासून दिलेला आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं रामटेकाचा पक्ष साधार मांडला. मला तो पटतो. पाहुण्यांस मात्र मी दोन्ही बाजू सांगतों, कारण श्रद्धेइतकाच विचारही येथून घरीं न्यावा.

उतरल्यावर गांवांत रामटेकचीं पानें घ्यावीं. येथील पानमळ्यांची कीर्ति जुनी आहे. भोजनोत्तर विडा लावतांना दिवसाचा शीण उतरतो.

इटलींतील मांटुआ नगर व्हर्जिल कवीस आपला म्हणून दोन हजार वर्षें मिरवीत आहे आणि दूरदेशींचे लोक वाटाड्या करून तें पाहावयास जातात. आमच्या दारीं कालिदासाचा डोंगर आहे, १९९७ पासून त्याच कविकुलगुरूच्या नांवाचें संस्कृत विश्वविद्यालयही रामटेकास आहे. उणीव आहे ती घरोघरच्या वाटाड्यांची. नातवंडास देवापुढें हात जोडावयास आपण शिकवितों. त्याच हातानें पुढें आलेल्या पाहुण्यास नरसिंहाचा शिलालेख दाखवितां येईल, मेघाची वाट बोटानें रेखितां येईल, एवढें त्यास शिकविणें हें आजी-आजोबांचेंच काम आहे. तें आपण केलें नाहीं, तर डोंगर राहील, देवळेंही राहतील, पण त्यांस बोलतें करणारें कोणी उरणार नाहीं. येत्या आषाढाच्या पहिल्या दिवशीं एका तरी नातवंडास घेऊन अंबाळ्याच्या पायऱ्या चढाव्या, एवढीच विनंति.