रोजा सोडणं आणि रोजा मोडणं

मराठीत उपास सोडतात आणि उपास मोडतातही. रोजाचं तसंच आहे. सूर्यास्ताच्या, म्हणजे मगरिबच्या, अजानला खजूर तोंडात टाकला की रोजा सुटला. दुपारी दोनला, कुणी बघत नाहीसं पाहून टपरीवर चहा घेतला की रोजा मोडला. सोडताना दुआ म्हणतात. मोडला तर कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, लागतो, आणि या शब्दाबद्दल अर्धवट ऐकीव माहितीच फार.

उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं घेऊ. बाहेरगावच्यांना हे गाव माहीत असतं ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे, नाहीतर नारायण महाराजांच्या बेटामुळे. आसपासचा मुलूख मात्र उसाचा आणि गुऱ्हाळांचा. तर समजा, रमजान मार्चात आलाय आणि एक रोजेदार पोरगा गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालतोय. समोर काहील रटरटतेय, शेजारी चरकातून ताजा रस गळतोय. त्यानं पेला भरला आणि रिकामा केला. आता पुढं काय?

ते त्याच्या मनात काय होतं यावर ठरतं. रोजा आहे हेच विसरून प्यायला असेल तर रोजा मोडलाच नाही. आठवताक्षणी थांबायचं आणि दिवस पुरा करायचा. जाळानं भोवळ येऊन जिवावर बेतलं म्हणून प्यायला असेल, तर गुन्हा नाही. रमजाननंतर एका रोजाच्या बदल्यात एक रोजा ठेवायचा. याला कजा म्हणतात. आजारी माणसाला आणि प्रवाशाला हीच सवलत कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात दिली आहे. पण प्रवास म्हणजे कुठलाही नव्हे. हनफी हिशोबानं सुमारे ७८ किलोमीटरच्या पुढं जायचं असेल तरच तो प्रवास. केडगावहून पुण्याला जाऊन आलेला त्यात बसत नाही. ज्याला म्हातारपणामुळं रोजा कधीच जमणार नाही, त्यानं दर रोजामागं एका गरिबाला जेवू घालायचं, तो फिदया. फिदया आणि कफ्फारा यांची गल्लत सर्रास होते.

आणि पोरानं सगळं आठवत असताना, तब्येत ठणठणीत असताना, केवळ रस दिसला म्हणून पेला उचलला असेल तर? मग त्या एका दिवसाची कजा आहेच, वर कफ्फारा: सलग दोन महिने रोजे.

मात्र हा निकाल हनफी पंथाचा. देशावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत, कोकणी मुसलमान शाफई. शाफई मतानं हा जड कफ्फारा फक्त दिवसा पतीपत्नीचा संबंध आला तर लागतो. खाण्यापिण्यानं मोडलेल्या रोजाला तौबा आणि कजा पुरे. म्हणजे तोच पेला केडगावात एकसष्ट दिवसांना पडतो आणि रत्नागिरीत एका दिवसाला. दोन्हीकडचे आलिम एकाच हदीसवर बोट ठेवतात. एक माणूस पैगंबरांकडे आला, म्हणाला, मी बुडालो; रोजात बायकोजवळ गेलो. गुलाम मुक्त करशील? ऐपत नाही. दोन महिने सलग रोजे? जमणार नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. तेवढ्यात कुणीतरी खजुराची टोपली आणली. ही घे, वाटून टाक. तर तो म्हणतो, मदिनेत माझ्याहून गरीब घर दाखवा! पैगंबर दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, मग घरच्यांनाच खाऊ घाल. यातला गुन्हा रोजा मोडण्याचा धरायचा की त्या विशिष्ट कृत्याचा, एवढ्यावर पंथ वेगळे झाले.

कफ्फारा या शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ झाकणं. कुराणात एके ठिकाणी शेतकऱ्यांनाही याच धातूतला शब्द आलाय, कारण ते बी मातीखाली झाकतात.

गुलामगिरी गेली, हदीसमधला तो पहिला पर्याय संपला. उरले दोन, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. खिशात पैसे आहेत म्हणून थेट जेवणावर उडी मारता येत नाही. रोजे खरोखरच झेपत नसतील तरच जेवण. मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो. नाहीतर बागायतदारानं दर रमजानला चेक फाडला असता.

जेवण म्हणजे साठ गरिबांना दोन वेळा पोटभर, किंवा प्रत्येकी सुमारे पावणेदोन किलो गहू, किंवा तेवढ्याची किंमत. एकूण एक क्विंटल पाच किलो. पन्नास किलोचे दोन कट्टे आणि वर पाच किलो. एकाच गरिबाला साठ दिवस रोज दिलं तरी चालतं. पण सगळे कट्टे एकाच दिवशी त्याच्या दारात उतरवले तर हिशोबात एकच दिवस धरतात. आईबाप, बायको, मुलं यांना दिलेलं मोजत नाहीत.

एक गोष्ट ऐकून गोंधळायला होतं. ज्यानं रोजाची नियतच केली नाही, दिवसभर खाल्लं, त्याला गुनाह मोठा. पण देणं फक्त कजा. कफ्फारा सुरू केलेला रोजा मोडण्याचा असतो. आणि एकाच रमजानात असे चार मोडले, मधे कफ्फारा दिला नाही, तर हनफी मतानं चारांना मिळून कफ्फारा एक, कजा चार.

खरी कसोटी ‘सलग’ या शब्दाची. मधे एक दिवस चुकला, अगदी तापानं चुकला, तरी हनफी मतानं पुन्हा एकपासून. बाईच्या पाळीचे दिवस तेवढे सोडलेत. पाळी संपताच दुसऱ्या दिवशी रोजा धरायचा. म्हणून आधी कॅलेंडर काढायचं. रमजान मधे यायला नको. रमजान ईद, बकरी ईद आणि तिच्या पुढचे तीन दिवस, एवढ्या दिवसांत रोजा ठेवायला मनाई. चांद्र महिन्याच्या पहिल्या तारखेला, समजा १ मोहरमला सुरुवात केली तर दोन चंद्र पुरे, मग दिवस ५८ भरोत की ५९. अधल्यामधल्या तारखेला केली तर साठ मोजून. रमजान ईद १ शव्वालला. दुसऱ्या दिवशी पोरगा लगेच कफ्फाऱ्याला लागला तर बकरी ईदच्या आठवडाभर आधी मोकळा. शीरखुर्मा आणि पाहुणे यांत गुंतून ९ शव्वालला लागला, आणि पुढचे दोन्ही चंद्र एकोणतिसावे निघाले, तर साठावा रोजा नेमका १० जिलहिज्जला येतो. त्या दिवशी बकरी ईद, रोजा ठेवता येत नाही. झालेले ५९ कफ्फाऱ्यात धरत नाहीत.