रस्त्यावरच्या झाडांची नोंदवही

जून सुरू झाला की लोणावळ्यात दोनच गोष्टींची चर्चा असते. भुशी धरण कधी भरणार, आणि काल रात्री कुठले झाड पडले. घाटमाथ्यावरच्या या गावात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर, म्हणजे पुणे शहराच्या पाचपटीहून अधिक पाऊस होतो, तोही बहुतेक चार महिन्यांत.

झाड पडले की आपण वाऱ्यापावसाला दोष देऊन मोकळे होतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले, तेव्हा तो दोष खराच होता. मावळात झाडे पडली, विजेचे खांब कोसळले, फुलशेतीची पॉलिहाउस फाटली. पण जुलैतल्या नेहमीच्या पावसात रिक्षा थांब्यावरचे हिरवेगार झाड मुळासकट आडवे होते, तेव्हा कारण जमिनीखाली शोधावे लागते.

झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. पाण्याची लाइन, केबल, गटार यांचे चर बुंध्याला खेटून खणले की एका बाजूची मुळे तुटतात. झाड लगेच वाळत नाही, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे तुटलेल्या टोकांतून कूज आत शिरते. मग एखाद्या वर्षी माती भिजून सैल होते, वारा सुटतो, आणि त्या बाजूला झाडाला धरून ठेवायला काही उरलेले नसते. वरून फरसबंदी बुंध्यापर्यंत नेलेली असते, ती वेगळीच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते, ते उगीच नव्हे.

छाटणीचेही तसेच. तारांना लागणाऱ्या फांद्या मे महिन्यात घाईने एकाच बाजूने तोडल्या की झाडाचा तोल दुसरीकडे जातो. मोठी फांदी आधी खालून अर्धवट कापावी, मग थोडे पुढे वरून कापून तिचे वजन उतरवावे आणि उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढावा. जखम भरून येते ती या कड्यातूनच. हे काम थंडी सरता सरता झाले, तर पावसाआधी झाडाला सावरायला वेळ मिळतो.

कायदा नाही असे नाही. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा अधिनियम आहे. लोणावळा किंवा तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या हद्दीत तो लागू होतो. वृक्ष प्राधिकरण आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना त्यातच सांगितली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. आता वयच नोंदलेले नसेल, तर भरपाई मोजणार कशावर? कामशेतसारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या गावात मात्र हा कायदा नाही. तिथे १९६४ चा वृक्षतोड कायदा, तोही आंबा, फणस, जांभूळ, हिरडा अशा ठरावीक जातींपुरता. वड-पिंपळ त्या यादीत नाहीत.

म्हणून जुलैतल्या वृक्षारोपणाच्या फोटोपेक्षा मला एक साधी नोंदवही महत्त्वाची वाटते. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, घेर, अंदाजे वय, शेवटची छाटणी आणि जवळ कोणी कधी खणले. रस्ता एका खात्याचा, तारा दुसऱ्याच्या, झाड तिसऱ्याचे, अशा कारभारात तिघांनी मिळून पाहायला निदान एक कागद तरी हवा. नवे झाड लावताना जातही पाहावी. गुलमोहर दिसतो सुरेख, पण त्याचे लाकूड ठिसूळ. घाटातल्या वाऱ्यापावसात मुरलेले जांभूळ इथे अधिक भरवशाचे.

आपल्या दारासमोरचे झाड मार्च-एप्रिलमध्ये एकदा नीट पाहावे. बुंध्याशी अळंबीसारखी बुरशी, पोकळी, एका बाजूला उचललेली किंवा भेगाळलेली जमीन यांपैकी काही दिसले, तर नगरपरिषदेकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात जागा नेमकी लिहावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.