बागेचा आणि जंगलाचा पैसा येतो कुठून?

विद्यार्थी मित्रांनो, घरपट्टीचं बिल आज नीट वाचा. त्यात 'वृक्ष कर' अशी ओळ आहे का बघा. महाराष्ट्राच्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरांना हा कर घेता येतो. तो झाडांसाठीच खर्च करायचा असतो. शहरात हे काम महानगरपालिकेचं वृक्ष प्राधिकरण बघतं.

मग आपलं तुंगारेश्वरचं जंगल? ते २००३ पासून अभयारण्य आहे आणि वनविभागाकडे आहे. कुठलीही वनजमीन रस्त्याला किंवा रेल्वेला दिली, की प्रकल्पवाल्यांना भरपाई भरावी लागते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे त्यातले ९० टक्के राज्याच्या निधीत आणि १० टक्के केंद्राच्या निधीत जातात. त्यातून झाडं लावतात, वन्यजीवांचं रक्षण करतात.

पण लक्षात ठेवा, ही भरपाई जंगल गेल्यावरच मिळते. रोप एका दिवसात लागतं, जंगल उभं राहायला पिढ्या जातात. म्हणून आधी असलेलं जंगल राखणं महत्त्वाचं.

उपक्रम : बिलातली वृक्ष कराची रक्कम वहीत लिहा. आपल्या प्रभागात गेल्या वर्षी किती झाडं लावली आणि त्यातली किती जगली, हे महानगरपालिकेला पत्राने विचारा. उत्तर आलं नाही, तर पालकांना माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क फक्त १० रुपये!