स्कॅनरवरचा आकडा आणि रेलमधला दाब

चढावर गाडी ओढत नाही, इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय आणि स्कॅनर रेल प्रेशर सेन्सरचा कोड दाखवतोय. अशा वेळी पुष्कळदा थेट नवा सेन्सर मागवला जातो. मला ही घाई मान्य नाही.

कॉमन रेल डिझेल तंत्र १९९७मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून प्रवासी गाड्यांत आलं. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन याच तंत्राचं. पंप एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल कोंडतो. पूर्ण जोरात तिथला दाब १,६०० बारपर्यंत जातो; समुद्रातल्या मारियाना गर्तेच्या तळाशीसुद्धा पाण्याचा दाब साधारण अकराशे बारच असतो. म्हणूनच इंजिन चालू असताना या नळ्यांचा नट कधीही सैल करू नये. डिझेलची बारीक धार कातडीच्या आत घुसते.

हा दाब सेन्सरमधल्या धातूच्या पडद्याला किंचित वाकवतो. पडद्यावरच्या रोधकांचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो आणि त्याचं व्होल्टेज बनतं. वायरी तीन: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. बहुतेक सेन्सरांचा सिग्नल शून्य दाबाला अर्धा व्होल्ट, कमाल दाबाला साडेचार. पी०१९२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०१९३ म्हणजे फार वर. दोन्ही वेळा आधी मल्टिमीटर लावून पुरवठा आणि अर्थ तपासावेत, कनेक्टरमध्ये गंज किंवा ओल आहे का पाहावं. तुटलेली वायरही हेच कोड देते.

खरी फसगत मात्र कोडच न देणाऱ्या सेन्सरची. समजा, तो प्रत्यक्षापेक्षा दोनशे बार जास्त सांगतोय. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, दाब कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. तो पंपाला आवरतो. स्कॅनरवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब तंतोतंत जुळतात, गाडी मात्र ओढत नाही. हे खोटं पकडायची सोपी वेळ म्हणजे सकाळ. रात्रभर उभ्या गाडीची चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. रेलमध्ये दाब उरलेला नसतो, तरी स्कॅनर दीड-दोनशे बार दाखवत असेल आणि वायरिंग ठीक असेल, तर सेन्सर बदलावा.

पी००८७ या कोडची गोष्ट वेगळी. तिथे सेन्सर बहुधा खरंच सांगत असतो: दाब कमी आहे. मग तुंबलेला डिझेल फिल्टर, पंप आणि प्रेशर व्हॉल्व्ह बघावेत. इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून इंजिन थोडा वेळ चालवलं, की जी बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते तिचा इंजेक्टर गळतोय.