मंदीतील काटकसर आणि संगणकाचा खर्च



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास आणि समाजकारण या विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. मी आयुष्यभर कारखान्यांच्या हिशेबखात्यात रमलेला माणूस. म्हणून विषयही त्याच खात्यातला निवडला आहे: मंदी आली असता संगणकावरील खर्चाचे काय करावे, आणि मंदी सरल्यावर काय करावे? आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतील लहानशा फौंड्रीतही आज मालाची नोंद, बिले, पगार आणि कर हे सारे संगणकावर चालते. तेव्हा हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांचा उरलेला नाही.

मंदीची चाहूल लागली की संचालक मंडळाचा पहिला हुकूम बहुधा ठरलेला असतो: प्रत्येक खात्याने खर्च पंधरा टक्के कमी करावा. सर्वांना सारखा लागू असल्यामुळे तो न्याय्य दिसतो. परंतु संगणक खात्याचे अंदाजपत्रक उघडून पाहा. समजा, वर्षाचा खर्च १०० लाख रुपये आहे. त्यापैकी ७० लाख आधीच बांधलेले असतात: सॉफ्टवेअरचे परवाने, वार्षिक देखभालीचे करार, कर्मचाऱ्यांचे पगार आणि पूर्वी घेतलेल्या यंत्रांचा घसारा. त्यांना वर्षाच्या मध्यावर सहसा हात लावता येत नाही. मग १५ लाख काढावयाचे ते उरलेल्या ३० लाखांतून. म्हणजे कागदावरची पंधरा टक्के कपात मोकळ्या खर्चाच्या निम्म्यावर येऊन आदळते. आणि हा मोकळा खर्च कशाचा असतो? जुनी यंत्रे बदलण्याचा, प्रणाली अद्ययावत ठेवण्याचा, माहितीच्या राखीव प्रती तपासण्याचा आणि माणसांना शिकविण्याचा. ही कामे एक वर्ष झाली नाहीत तरी कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते.

कौलारू घराची शाकारणी एका वर्षी टाळली तर पैसे वाचल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात तो खर्च पुढच्या पावसाळ्याच्या नावे मांडला जातो, आणि तेव्हा कौलांबरोबर वासेही बदलावे लागतात.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्स या विमान कंपनीचे आहे. २०२२ च्या डिसेंबरात नाताळाच्या सुमारास तेथे मोठे हिमवादळ आले. इतर विमान कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्टची वैमानिक व कर्मचारी यांच्या पाळ्या लावणारी प्रणाली मात्र एकाच वेळी झालेल्या असंख्य बदलांपुढे कोलमडली. कोणता कर्मचारी कोणत्या शहरात आहे हे कळेनासे झाले, आणि कर्मचारी तासन्‌तास दूरध्वनी धरून बसले. सुमारे १६,९०० उड्डाणे रद्द झाली, २० लाखांहून अधिक प्रवासी अडकले. या प्रणालीच्या दुबळेपणाविषयी कर्मचारी संघटना कित्येक वर्षे सांगत आल्या होत्या. पुढे २०२३ च्या डिसेंबरात सरकारने कंपनीवर १४ कोटी डॉलरचा दंड आकारला. लांबणीवर टाकलेल्या सुधारणेची किंमत अशी एकाच आठवड्यात वसूल होते.

दुसरा धोका याच्या उलट आहे, तो तेजीतल्या एकगठ्ठा खरेदीचा. जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच अंकांत लिहिलेले असल्याने सन २००० उजाडताच घोटाळा होईल, या भीतीने १९९९ अखेर जगभर प्रणाली दुरुस्त झाल्या, यंत्रेही बदलली गेली. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाला त्या कामाने मोठा हात दिला आणि महाराष्ट्रातील कितीतरी तरुण त्या निमित्ताने अमेरिकेस गेले. पण पुढच्या वर्षांची खरेदी आधीच उरकली गेली होती. १० मार्च २००० रोजी नॅस्डॅकचा निर्देशांक ५,०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ पर्यंत घसरला. मधल्या २००१ मध्ये अमेरिकेत मंदी येऊन गेली. ज्यांनी सर्व यंत्रे एकाच वर्षी घेतली, त्यांची सर्व यंत्रे पुढे एकाच वर्षी जुनी झाली. म्हणून दरवर्षी एकपंचमांश यंत्रे बदलण्याचा नेम मला शहाणपणाचा वाटतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर होती. तरीही अनेक ठिकाणी तो खर्च अचानक आल्यासारखा भासला.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि मी ज्या कारखान्यात होतो तेथेही मागणी आटली. तेव्हा आम्ही सरसकट कपातीऐवजी खर्चाच्या तीन याद्या केल्या. पहिलीत ज्यावाचून काम थांबेल ते: सुरक्षा, राखीव प्रती, देखभाल. तिला हात लावावयाचा नाही. दुसरीत वापराविना चाललेले परवाने, दुहेरी अहवाल, कोणी न उघडणारी यंत्रे. त्यांवर निर्दयपणे रेघ मारावयाची. तिसरीत नव्या योजना: वर्षभरात पैसे परत देणाऱ्या चालू ठेवावयाच्या, बाकीच्यांचे आराखडे पुरे करून कपाटात ठेवावयाचे. दुसरी यादी आमच्या अपेक्षेहून लांब निघाली. शिवाय मंदीत पुरवठादारही गरजू असतो. दीर्घ मुदतीच्या करारांचे दर तेव्हाच नव्याने ठरवून घ्यावेत.

२००६ मध्ये ॲमेझॉनने संगणकशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केल्यापासून हा हिशेब काहीसा बदलला आहे. पूर्वीचा भांडवली खर्च आता महिन्याच्या बिलात येतो आणि काम कमी झाल्यास कमी करता येतो. परंतु न लागणारे यंत्र बंद करणारा कोणी जबाबदार माणूस नसेल, तर भाडे चालूच राहते.

माणसांविषयीही बोलले पाहिजे. मंदीत अनेकदा पहिल्यांदा जातो तो जुनी प्रणाली अंतर्बाह्य जाणणारा मनुष्य. त्याचे ज्ञान ताळेबंदात कोठेही मांडलेले नसते. तेजी येताच तशा माणसाचा शोध सुरू होतो, तेव्हा पगार वाढलेले असतात आणि नव्या माणसाला तीच वाट पुन्हा तुडवावी लागते. कपात अटळच असेल तर निदान त्याच्या डोक्यातले आधी लिहून घ्यावे, दुसऱ्याला शिकवून ठेवावे.

शेवटी सुगीच्या दिवसांविषयी. मागणी परतली की प्रत्येक खात्याला नवे काही हवे असते. त्या वेळी आधी मंदीत थकलेली देखभाल पुरी करावी, मग कपाटातला आराखडा काढावा. येथे बसलेल्या उद्योजक मित्रांना माझी एवढीच विनंती आहे, की या तीन याद्या बरे दिवस असतानाच करून ठेवाव्यात. मंदीच्या पहिल्या आठवड्यात, हुकूम हातात असताना, त्या शांतपणे करणे कोणालाच साधत नाही.