काचचित्र आणि त्याचे यजमान

गिरगावातील खोताची वाडी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या दादोबा वामन खोत नामक पाठारे प्रभू गृहस्थांकडून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जागा घेऊन ईस्ट इंडियन कुटुंबांनी येथे लाकडी जिन्यांची, ओसऱ्यांची आणि उतरत्या कौलारू छपरांची घरे उभी केली. आणि त्यांपैकी जी आज टिकून आहेत, त्यांतल्या काहींच्या दारांखिडक्यांच्या माथ्यावर लाल, हिरवी, निळी तावदाने अजूनही दृष्टीस पडतात. या तावदानांना काचचित्रे म्हणता येणार नाही. एका चौकटीत एका रंगाची सपाट काच, बारीक लाकडी पट्टीने अडकवलेली, असे हे सुताराच्या हातचे साधे काम आहे. परंतु सूर्याचा उजेड घरात जसाच्या तसा न घेता रंगातून गाळून घ्यावा ही जी हौस त्यामागे आहे, तिला ऐपत, चिकाटी आणि चित्रकाराची दृष्टी यांची जोड मिळाली म्हणजे काचचित्राचा जन्म होतो.

या वाडीपासून फार दूर न जाता त्याचे थोर नमुने पाहावयास मिळतात. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ साली उपासनेसाठी खुले झाले, त्याच्या काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याच्या कारखान्यात घडल्या. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहात सुमारे वीस फूट व्यासाचे जे चक्राकार गवाक्ष आहे, त्याच्या बाहेरच्या वर्तुळातील बारा झरोक्यांत बारा राशी रंगीत काचेत बसवल्या आहेत. मेष, वृषभ, मिथुन ही पंचांगातली ओळखीची मंडळी गॉथिक कमानीखाली भेटावी, याचे मला फार अप्रूप वाटते. शेजारचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या चार लाख रुपयांच्या आधारावर १८७८ मध्ये पूर्ण झाले. त्याचा आराखडा करणारा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलाच नाही. म्हणजे द्रव्य येथले, आराखडा विलायतेचा, आणि ज्या उन्हात ते काम पिढ्यान्‌पिढ्या उभे राहावयाचे ते ऊन आराखडा करणाऱ्याने पाहिलेलेही नाही, असा तो एकंदर व्यवहार होता.

काचचित्र घडवण्याची विद्या इतकी आपल्या मूळ पद्धतीला धरून राहिली आहे की बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूने लिहून ठेवलेली कृती आजच्या कारागिरालाही परकी वाटू नये. प्रथम खिडकीच्या पूर्ण मापाचा आराखडा कागदावर उतरवतात आणि प्रत्येक तुकड्याची सीमा जाड काळ्या रेघेने आखतात. ती रेघ म्हणजेच पुढे शिशाची पट्टी व्हावयाची असते. दोन तुकड्यांमध्ये पट्टीच्या गाभ्यापुरती जागा सोडावी लागते, आणि ती केसभर जरी चुकली, तरी पन्नास तुकड्यांनंतर चित्र चौकटीत मावत नाही. उत्तम काच तोंडाने फुंकलेली असते; फुगवलेल्या नळकांड्याला उभा छेद देऊन ते भट्टीत उलगडून सपाट करतात, म्हणून तिच्यात बुडबुडे आणि जाडीचे चढउतार राहतात आणि एकाच तुकड्यात रंग कोठे गडद तर कोठे विरळ दिसतो. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, सोन्याच्या अंशाने गुलाबी लाल अशी या रंगांची रसायने आहेत. तांब्याचा लाल तर इतका दाट की सबंध काच त्या रंगाची केल्यास ती काळीच दिसेल. यास्तव पांढऱ्या काचेवर लालाचा पातळ थर चढवतात, आणि जेथे पांढरे हवे तेथे तो थर आम्लाने खाववून काढतात.

काच कापताना हिरा तिला चिरत नाही, केवळ ओरखडा काढतो. ओरखडा नीट उठला की किंचित कुरकुरणारा सलग आवाज येतो, आणि मग दोन्ही अंगठ्यांच्या दाबासरशी काच त्या रेषेवर दुभंगते. आत वळणारी गोलाई मात्र एका घावात निघत नाही. ती चंद्रकोरीसारख्या चकत्या काढीत काढीत गाठावी लागते. चेहरे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या यांसाठी काचेची पूड व लोहभस्म यांचा काळपट रंग लावून तुकडे सुमारे साडेसहाशे अंश सेल्सिअसला भाजतात, तेव्हा तो रंग काचेशी एकजीव होतो. चांदीच्या क्षारांचा लेप पाठीमागून देऊन भाजला की केसांना, प्रभावळींना पिवळी सोनेरी छटा येते. मग एका कोपऱ्यापासून आरंभ करून दुहेरी खाचेच्या शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवीत जायचे, सांधे दोन्ही बाजूंनी कथलाच्या डाखाने जोडायचे, आणि जवसाचे तेल, खडूची पूड व काजळी यांचे लुकण पट्ट्यांच्या कडांखाली ब्रशाने घासून भरायचे. या लुकणानेच चित्राला बळकटी येते आणि पाऊस बाहेर राहतो. शिशाची रेघ ही अडचण समजून लपवणारा कारागीर मला कच्चा वाटतो. जो तिला चित्राचा कणा समजतो तोच खरा.

काच घडवण्यात मराठी माणूस मागे नव्हता. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली निघाला, आणि ओगले बंधूंच्या प्रभाकर कंदिलाने तर घरोघर उजेड नेला. तथापि तोंडाने फुंकलेल्या रंगीत काचेसाठी आपले कारागीर अजूनही बहुधा जर्मनीतील वाल्डसासेनसारख्या गावांकडे पाहतात.

आता यजमानाविषयी. काचचित्र करवून घेणाराने पहिल्याने आपल्या घराचा उजेड ओळखावा. वाडीसारख्या ठिकाणी समोरचे घर हाताच्या अंतरावर असते. तेथे गर्द निळी काच दिवसाही काळवंडून जाईल, तेथे फिकट रंगच शोभतात. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला मात्र गर्द रंग झेपतात. काचेचे नमुने कारखान्यात न पाहता त्याच खिडकीत सकाळ-दुपार धरून पाहावेत. केवळ चौरस फुटाच्या दराने बोलणी करू नयेत, कारण तेवढ्याच मापात दहा तुकडे बसतात तसे शंभरही बसतात, आणि मेहनत तुकड्यांची असते. विसार देण्यापूर्वी माप, काचेचा प्रकार, आधाराचे गज, बसवणावळ आणि दुरुस्तीची मुदत हे सर्व कलमवार कागदावर यावे. काचेवर चिकटवलेल्या छापील चित्राला या नावाने विकणाऱ्यापासून दूर राहावे. तो निराळा, अल्पायुषी माल आहे.

मुंबईची खारी हवा या कामाचा मोठा वैरी आहे. लोखंडी गज गंजून फुगतात आणि दगड व काच दोहोंना तडे देतात. लुकण वाळून गळते आणि शिसे आपल्याच भाराने पोट काढते. अशा वेळी सबंध चित्र उतरवून, तुकड्यांचे स्थान नोंदवून, नव्या शिशात पुन्हा बांधावे लागते. राजाबाई मनोरा व ग्रंथालय यांच्या जीर्णोद्धारात, जो २०१५ साली पुरा झाला, स्वाती चंदगडकर यांनी तेथील काचांवर असे काम केले. मूळ तुकडा शक्यतो टाकायचा नाही, हा अशा कामाचा धर्म आहे, आणि नवे घडवण्याइतकीच विद्या त्याला लागते.

खोताच्या वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात. आज त्यांची निम्मीही उरलेली नाहीत. घर पडले की तावदाने भंगारवाल्याकडे जातात. म्हणून जुन्या घराची डागडुजी काढणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे की, चौकट उखडण्यापूर्वी प्रत्येक काचेवर क्रमांक घालावा, छायाचित्र घ्यावे, फुटका तुकडाही कागदात गुंडाळून ठेवावा आणि जाणत्याला दाखवल्यावाचून नवी काच बसवू नये. नवे काम करवून घेणाऱ्यांनी खालच्या कोपऱ्यात कारागिराचे नाव व साल आवर्जून घालून घ्यावे.